पोट आत

तीनशे बारा उड्या जमा आहेत माझ्या वहीत.
प्रत्येकीपुढे तारीख, उंची, वारा, शेरा.
तेरा हजार फुटांवर विमानाचं दार उघडतं तेव्हा
माझी नाडी चहा पिताना असते तेवढीच असते.
हे मी चंद्रकला लिलकेला सांगितलं,
अंजनेरीच्या कड्याखाली, पिशवीतून दोर उपसता उपसता.
ती म्हणाली, बरं.
आणि माझ्या कमरेची गाठ सोडून पुन्हा बांधली.

डिसेंबर. सकाळचे साडेसात.
गिरणाऱ्याकडच्या द्राक्षबागा अजून धुक्यात,
कातळ इतका गार
की बोटांची टोकं आधी दुखली, मग हरवली.

जमिनीपासून तीन मीटरवर
माझा उजवा पाय थडथडायला लागला,
स्टँडवर लावलेली जुनी बुलेट थडथडते तसा.
तीन मीटर!
आमच्या कॉलेज रोडच्या घराची गच्चीसुद्धा याहून उंच.
सवयीनं मनगटाकडे पाहिलं.
उंची सांगणारा काटा नव्हता तिथं,
खरचटलेल्या कातडीवर रक्ताचा एक मणी होता.

आकाशात उंची नसते, हे तेव्हा कळलं.
तिथून जमीन म्हणजे नुसता नकाशा,
नदी म्हणजे उसवलेला टाका,
धरण म्हणजे कुणीतरी टेबलावर सांडलेलं पाणी.
इथं माझ्या टाचेपासून खालच्या करवंदाच्या जाळीपर्यंत
दगड सलग आहे,
आणि त्यातला प्रत्येक इंच मी
आत्ताच हातानं चाचपून आलोय.

"पोट आत, सर! पोट आत घ्या!"

वीस वर्षं मी पोट बाहेर काढलं.
पोरांनाही तेच शिकवलं:
छाती फुगवा, हात पसरा, कमान करा,
हवेवर पालथे पडा, ती धरते.
आता भिंतीवरच्या पालीसारखं चिकटायचं
आणि हवेला पाठ दाखवायची.

मग डावा पाय सुटला.
आणि माझा उजवा हात,
समोर चांगली मूठभर खाच असताना,
ती सोडून कमरेमागे गेला, हँडल शोधायला.
तिथं खडूच्या भुकटीची पिशवी होती.
मी ती जिवाच्या आकांतानं ओढली.

पांढरा ढग.
पडलो दीड हात. बस्स.
दोर ताणला गेला आणि मी लोंबत राहिलो,
पिठाच्या गिरणीतून बाहेर आलेल्या माणसासारखा,
मिशांसकट पांढरा.

चंद्रकलेच्या तोंडात पेरूची फोड होती.
ती गिळून तिनं विचारलं,
"छत्री उघडली का?"

छत्रीची घडी नेहमी मीच घालायचो.
घरात कापड पसरलेलं असताना
बायकोनंही त्या खोलीत यायचं नाही.
वाचलो तर माझ्यामुळे, मेलो तर माझ्यामुळे,
या हिशेबात तिसरं कुणी नव्हतं, आणि तेच मला आवडायचं.
आता दोराचं दुसरं टोक
तेवीस वर्षांच्या, माझ्याहून वीस किलो हलक्या पोरीकडे,
आणि ती पेरू खातेय.

एक गिधाड शेजारून गेलं, पंखसुद्धा न हलवता.
आधी त्याचा हेवा वाटला. मग राग आला.
मग वाटलं, उतरताना यालाही कुठली तरी
अरुंद कपार नेमकी पकडावी लागत असेल.

त्या दिवशी सात मीटर झाले.
वहीत चढण्याचा रकाना नव्हता,
समासात लिहिले.

दुपारी तिनं दोर माझ्या हातात दिला.
धरायचं कसं ते तीनदा करून घेतलं, चौथ्यांदा ओरडली,
आणि निघाली.
"ढील!" म्हणाली की ढील द्यायची.
"धरा!" म्हणाली की धरायचं.
दोर माझ्या तळव्यातून वर जात राहिला,
हातभर, वीतभर, मग बराच वेळ काहीच नाही.
तिचे पाय कड्याच्या पोटाआड गेले.
मग आवाजही.

मान भरून आली होती.
नाकाच्या शेंड्यावर कसली तरी खाज सुटली होती,
केव्हाची.
खाजवली नाही.